जीनची टेस्ट आधी की इको? संयोजी ऊतींच्या आनुवंशिक आजारांविषयी

"मॅडम, ती जीनची टेस्ट एकदा करून टाकली की सगळं कळतंय ना?" हा प्रश्न हल्ली वरचेवर कानावर येतो. मी सोलापुरात ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करते. चष्म्याचे नंबर काढते आणि डॉक्टरांच्या आधीची डोळ्यांची पहिली तपासणी करते. येणाऱ्या मुलांपैकी अगदी थोड्यांच्या डोळ्यातलं भिंग जागचं सरकलेलं सापडतं. तिथून मग मार्फान, आनुवंशिक, महाधमनी, जीन असे शब्द त्या घरात शिरतात. आई-वडील घाबरतात, रात्रभर मोबाइलवर शोधतात आणि दुसऱ्या दिवशी हा प्रश्न घेऊन परत येतात.

जीनची चाचणी मोलाची आहे, पण तिच्याने सगळं कळत नाही. ती तपासणीनंतर करायची असते आणि घरातल्या योग्य माणसापासून सुरू करायची असते. तिचा मोठा फायदा बहुतेक वेळा ज्याचं रक्त काढलं त्याच्याइतकाच, कधी त्याच्याहून जास्त, त्याच्या भावंडांना आणि मुलाबाळांना होतो. एवढं नीट समजलं तर पैसे वाचतात, धावपळ वाचते आणि काही घरांत जीव वाचतो.

हे आजार म्हणजे नेमकं काय?

पेशींना एकत्र धरून ठेवणारा, अवयवांना आधार देणारा धाग्यांचा पसारा आपल्या शरीरात सगळीकडे असतो. हाडं, सांधे, कातडी, रक्तवाहिन्यांच्या भिंती, हृदयाच्या झडपा, डोळ्याचा पांढरा भाग, कुठेही बघा. शाळेच्या पुस्तकात यालाच संयोजी ऊती म्हटलेलं असतं. कोलॅजन नावाचं प्रथिन त्यांना बळकटी देतं, फायब्रिलिन आणि इलॅस्टिन ताण सोसून पुन्हा जागेवर यायची ताकद देतात. यातलं प्रत्येक प्रथिन कसं बनवायचं, ते त्याच्या त्याच्या जीनमध्ये लिहिलेलं असतं.

सोलापूरकरांना हे जकार्डच्या मागावरून पटकन समजेल. चादरीवरची नक्षी ठरते ती मागावर चढवलेल्या, छिद्रं पाडलेल्या कार्डांवरून. एका कार्डात एक छिद्र चुकलं, तर तो दोष एका चादरीपुरता राहत नाही. त्या कार्डांवर निघणाऱ्या प्रत्येक चादरीत, त्याच जागी तो उमटतो. जीनमधल्या बदलाचंही असंच होतं. जिथे जिथे ते प्रथिन लागतं, तिथे तिथे दोष. म्हणून एकाच मुलाच्या डोळ्यात, पाठीच्या कण्यात आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत काही ना काही बिघडलेलं असतं. आपण मात्र तीन डॉक्टरांकडे तीन फायली करतो, आणि त्या तीन फायली एका टेबलावर कधी येतच नाहीत.

या आजारांतला सगळ्यात परिचित म्हणजे मार्फान सिंड्रोम. पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फान यांनी १८९६ साली लांबसडक बोटांच्या एका पाच वर्षांच्या मुलीचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. त्यामागचा जीन सापडायला १९९१ साल उजाडलं. तो पंधराव्या गुणसूत्रावर असतो, नाव एफबीएन१, काम फायब्रिलिन बनवणं. साधारण ५,००० माणसांत एकाला हा आजार असतो असं धरतात. २०११च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांच्या पुढे होती. म्हणजे नुसत्या हिशोबाने आपल्या जिल्ह्यात साडेआठशेच्या आसपास माणसं या आजाराची असायला हवीत. त्यांतल्या कितीजणांना स्वतःला हे ठाऊक असेल, या विचाराने मला खरोखर काळजी वाटते.

डोळ्यात काय दिसतं

बाहुली मोठी करायचे थेंब घातले की अर्ध्या-पाऊण तासाने मूल स्लिट लॅम्पसमोर हनुवटी टेकवून बसतं. प्रकाशाची उभी, बारीक पट्टी बाहुलीवर टाकायची. निरोगी डोळ्यात भिंगाची कडा दिसत नाही, ती रंगीत पडद्याच्या आड असते. भिंग सरकलेलं असेल तर बाहुलीच्या आतच एक चमकती, गोलाकार कडा दिसते आणि कडेपासून निघालेले ताणलेले बारीक धागेही. मूल इकडेतिकडे बघून नजर थांबवतं, तरी त्याचा रंगीत पडदा क्षणभर थरथरत राहतो, कारण मागून मिळणारा भिंगाचा आधार ढिला पडलेला असतो.

भिंगाला लोंबकळत धरून ठेवणारे हे धागे मुख्यतः फायब्रिलिनचे असतात. महाधमनीच्या भिंतीच्या मधल्या थरातही हेच फायब्रिलिन असतं. त्यामुळे डोळ्यात हे दिसलं की डॉक्टर चष्म्याच्या चिठ्ठीसोबत टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लिहून देतात. "डोळे दाखवायला आलो, हृदयाची तपासणी कशाला?" असं विचारून काहीजण इको टाळतात. कृपा करून टाळू नका. मार्फानच्या सुमारे ६० टक्के माणसांत भिंग सरकतं. बऱ्याच जणांच्या बाबतीत घरात शिरलेल्या आजाराची ही पहिलीच उघड खूण असते.

भिंग कोणत्या दिशेला सरकलंय हेही आम्ही लिहून ठेवतो. मार्फानमध्ये ते बहुधा वर आणि बाहेरच्या बाजूला जातं. खाली आणि नाकाच्या बाजूला गेलं असेल तर होमोसिस्टिन्युरिया नावाचा वेगळाच आजार मनात येतो. हा नियम पक्का नाही, पण इशारा म्हणून महत्त्वाचा आहे. या आजारातलं मूलही उंच, बारीक, लांब बोटांचं असतं आणि वरवर मार्फानसारखंच दिसतं. मात्र आतला बिघाड वेगळा असतो. रक्तात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य साचतं, रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो, काही मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो. यावर उपाय आहेत. काही रुग्णांना बी-६ जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसने चांगला गुण येतो, बाकीच्यांना आहार आणि इतर औषधं लागतात. ओळखायची पहिली पायरी म्हणजे होमोसिस्टीनची रक्ततपासणी, तीही जीनच्या चाचणीच्या कितीतरी कमी खर्चात. भिंगाच्या ऑपरेशनसाठी भूल देण्याआधी हे माहीत असायलाच हवं, कारण अशा रुग्णाला त्या काळात गुठळीचा धोका असतो. जीनची चाचणी 'आधी' का करायची नाही, याचं मला याहून चांगलं उदाहरण सुचत नाही.

इको थांबवायचा नाही

मार्फानमध्ये जीव जातो तो बहुतेक वेळा महाधमनीमुळे. हृदयातून निघताना तिचा बुंधा हळूहळू फुगत जातो आणि एके दिवशी आतलं अस्तर फाटतं. हे होईपर्यंत माणसाला काहीच जाणवत नाही, असं बऱ्याचदा घडतं. फुगवटा आधी कळला तर वर्षावर्षाला मोजता येतो, बीटा ब्लॉकर किंवा लोसार्टान गटातल्या गोळ्यांनी त्याची गती कमी करता येते, आणि साधारण ५ सेंटिमीटरच्या आसपास ठरवून शस्त्रक्रिया करता येते. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात मार्फानच्या रुग्णांचं मृत्यूचं सरासरी वय ३२ होतं. १९९०च्या दशकापर्यंत तिथे अपेक्षित आयुष्य सत्तरीपर्यंत गेलं. हा फरक मुख्यतः इको, गोळ्या आणि वेळेवर झालेल्या शस्त्रक्रियांनी पडला. जीनच्या चाचण्या तेव्हा कुणाच्या आवाक्यातही नव्हत्या.

फ्लो हायमन ही अमेरिकेची नावाजलेली व्हॉलीबॉलपटू, उंची जवळजवळ साडेसहा फूट, १९८४च्या ऑलिम्पिकमधल्या रौप्यपदक विजेत्या संघातली. १९८६च्या जानेवारीत जपानमध्ये सामना चालू असताना ती बाकावरच कोसळली आणि गेली. ३१ वर्षांची होती. शवविच्छेदनात महाधमनी फाटल्याचं आणि तिला मार्फान असल्याचं कळलं. त्यानंतर तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही तोच आजार निघाला आणि वेळेत शस्त्रक्रिया करता आली. आपल्याकडेही उंच, सडपातळ पोरगा दिसला की "याला व्हॉलीबॉलला घ्या, भरतीला उतरवा" असं सगळेच म्हणतात. अशा मुलाची बोटं कोळ्याच्या पायांसारखी लांब असतील, छाती आत गेलेली किंवा पुढे आलेली असेल, पाठ वाकडी असेल, चष्म्याचा नंबर मोठा असेल, तर मैदानावर किंवा तालमीत घालायच्या आधी एक इको करून घ्यायला सांगा. मार्फानचं निदान झालेल्या माणसाला कुस्ती, कबड्डी, जड वजनं उचलणं टाळायला सांगतात. चालणं, सायकल, हलका व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्याने चालतो.

घरच्या घरी दोन गोष्टी बघता येतात. अंगठा मुठीत दाबून मूठ मिटली तर त्याचं अख्खं टोक करंगळीच्या बाजूने बाहेर येतं का? एका हाताचा अंगठा आणि करंगळी दुसऱ्या मनगटाभोवती वळवली तर अंगठा करंगळीचं नख पूर्ण झाकतो का? दोन्ही उत्तरं 'हो' आली म्हणून आजार ठरत नाही, पण डॉक्टरांना दाखवायला एवढं कारण पुरेसं आहे. डॉक्टर अशा बारीकसारीक खुणांना गुण देतात. गुणांची बेरीज, महाधमनीचं माप आणि भिंग यांवरून निदान ठरवण्याची जगभर मान्य पद्धत आहे, २०१० साली तिच्यात सुधारणा झाली. महाधमनी फुगलेली आणि भिंग सरकलेलं, या दोन गोष्टी मिळाल्या तर जीनची चाचणी न करताही मार्फानचं निदान करता येतं.

मग जीनची चाचणी कशासाठी?

पहिलं कारण असं की दिसायला सारखे आजार आतून वेगळे असतात आणि त्यांचे उपचारही वेगळे असतात. लोइस-डिएट्झ सिंड्रोम हा आजार २००५ साली वेगळा ओळखला गेला. त्यात महाधमनी मार्फानसारखीच फुगते, पण शरीरातल्या इतर धमन्याही वेड्यावाकड्या वळतात, पडजीभ दुभंगलेली असू शकते, आणि धमनी कमी फुगलेली असतानाही फाटू शकते. म्हणून शस्त्रक्रिया मार्फानपेक्षा लवकर करावी लागते. टीजीएफबीआर१, टीजीएफबीआर२ अशा जीनमध्ये बदल सापडला की शल्यविशारदाचा निर्णयच बदलतो. एलर्स-डॅनलोस हा सांधे, कातडी, रक्तवाहिन्या कमकुवत करणाऱ्या आजारांचा गट, त्यातला रक्तवाहिन्यांचा प्रकार आणखी नाजूक. सीओएल३ए१ जीनमधल्या बदलामुळे धमन्या, आतडं, गरोदरपणात गर्भाशयसुद्धा फाटू शकतं. इथे निदान झालं की अँजिओग्राफी, कोलोनोस्कोपी अशा आत नळी घालायच्या तपासण्या शक्यतो टाळतात. या आजारांत रिपोर्टवर उपचार अवलंबून असतात.

ठिसूळ हाडांचा आजार म्हणजे ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. त्यात कोलॅजन बनवणाऱ्या जीनमध्ये दोष असतो, डोळ्याचा पांढरा भाग निळसर दिसतो, आणि लहानसहान कारणाने हाड मोडतं. एखाद्या पोराचा पाय तिसऱ्यांदा मोडला की लोक आईकडे संशयाने बघायला लागतात. त्या आईसाठी हा रिपोर्ट फार मोठा आधार असतो. स्टिकलर सिंड्रोममध्ये अगदी लहानपणापासून मोठा मायनस नंबर, टाळू फाटलेली, ऐकायला कमी, आणि दृष्टिपटल सुटायचा धोका. निदान आधी झालं तर दृष्टिपटलाची नियमित तपासणी आणि गरजेप्रमाणे लेसर करून नजर वाचवता येते.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो अतिलवचीक सांध्यांच्या एलर्स-डॅनलोसबाबत. सांधे मागे वळतात, सारखे निखळतात, अंग दुखतं, थकवा असतो. २०१७च्या वर्गवारीत एलर्स-डॅनलोसचे तेरा प्रकार धरले आहेत. त्यांतला बहुतेकांना होणारा प्रकार हाच, आणि नेमका याच प्रकाराचा जीन अजून सापडलेला नाही. म्हणजे यासाठी चाचणी केली आणि "काही सापडलं नाही" असा रिपोर्ट आला, तर आजार नाही असा त्याचा अर्थ नसतो. निदान तपासणीवरूनच होतं. तिथे जीनची चाचणी करतात ती दुसरे, जास्त धोक्याचे प्रकार नाहीत ना हे बघायला. एखाद्या मुलीला रिपोर्ट दाखवून "तुझं दुखणं मनाचं आहे" असं कुणी सांगत असेल, तर ते चूक आहे. ती सांगते त्या दुखण्यावर विश्वास ठेवायला हवा.

दुसरं कारण कुटुंब. त्यासाठी चाचणीच्या आधी वंशावळ काढावी लागते.

अनुवंशतज्ज्ञ कागदावर वंशावळ काढतात. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, आजार असलेला आकार काळा भरायचा, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. मुलाच्या आई-वडिलांना दोन पिढ्यांपलीकडचं आठवत नाही. खरी माहिती आजीकडे असते. म्हणून सल्ल्याला जाताना आजीला सोबत न्या, नाहीतर आदल्या दिवशी तिच्यासोबत बसून सगळं लिहून घ्या. कोण चाळिशीच्या आत गेलं? कसं गेलं? "थोरले दीर मागावर उभे होते, पाठीत एकदम कळ आली म्हणाले, सिव्हिलला नेईस्तोवर संपलं. अटॅक आला." अशी उत्तरं मिळतात. छातीत सुरू होऊन पाठीत उतरणारी, फाडल्यासारखी कळ ही महाधमनी फाटण्याची नेहमीची खूण आहे. आपल्याकडे अचानक गेलेला प्रत्येक माणूस 'अटॅक'ने गेलेला असतो. शवविच्छेदन झालेलं नसतं, कुठे काही लिहिलेलं नसतं. त्या घरात कुणी फार उंच होतं का, कुणाला लहानपणीच जाड भिंगाचा चष्मा होता का, कुणाचं डोळ्याचं ऑपरेशन विशीत झालं होतं का, हेही विचारा. आजीच्या दोन वाक्यांनी कागदावरचा एखादा चौकोन काळा होतो आणि सगळं चित्र बदलतं.

मार्फानमध्ये आई किंवा वडील, एकाकडून आलेला एक बिघडलेला जीन पुरतो. प्रत्येक अपत्याला तो मिळायची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी, फरक नाही. पहिल्याला आला म्हणून दुसरं मूल सुटलं असंही नाही, प्रत्येक वेळी शक्यता नव्याने निम्मीच. साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत मात्र बदल आई-वडिलांपैकी कुणाकडूनच आलेला नसतो, तो त्या मुलातच पहिल्यांदा झालेला असतो. खाण्यापिण्याने, ग्रहणाने, गरोदरपणात काही केल्याने असं होत नाही. मूल असं जन्मलं म्हणून सुनेला दोष देणारी घरं आजही आहेत. त्यांना ठामपणे सांगायला हवं की यात आईचा काडीचाही दोष नसतो, आणि बदल वडिलांकडून यायची शक्यताही तेवढीच असते.

होमोसिस्टिन्युरियाचं गणित वेगळं. त्यात आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेला जीन यावा लागतो. ते दोघे स्वतः ठणठणीत असतात. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न करायची पद्धत आपल्या भागातल्या कितीतरी समाजांत आहे, आणि जवळच्या नात्यात दोघांकडे तोच बिघाड असायची शक्यता वाढते. लग्न झालेल्यांना हे सांगून दुखवायचं नसतं. पुढचं मूल होण्याआधी सल्ला घ्या, एवढंच म्हणणं. तिथे प्रत्येक गरोदरपणात शक्यता चारात एक.

चाचणी आणि रिपोर्ट

चाचणी स्वतः अगदी साधी. जांभळ्या टोपणाच्या छोट्या ट्यूबमध्ये थोडं रक्त घेतात, उपाशी राहायची गरज नाही. ते पुणे, मुंबई, हैदराबाद किंवा बंगळूरच्या लॅबला जातं. संशयाच्या सगळ्या जीनची एकत्र तपासणी म्हणजे पॅनेल. प्रथिनं बनवणारा जवळजवळ सगळा भाग वाचायचा तर एक्सोम. जीनचा मोठा तुकडाच गळालेला असेल तर तो या पद्धतीत कधी निसटतो, मग एमएलपीए नावाची वेगळी चाचणी लागते. रिपोर्टला काही आठवडे लागतात. खर्च हजारांच्या घरात जातो. विणकराच्या किंवा विडी कामगाराच्या घराला तो जड आहे, म्हणूनच आधी योग्य माणूस आणि योग्य चाचणी ठरवणं महत्त्वाचं. ऑनलाइन मिळणाऱ्या, थुंकीवरून 'आरोग्याचे जीन' सांगणाऱ्या किटवर या आजारांसाठी पैसे घालवू नका.

रक्त आधी त्याचं द्यायचं, ज्याच्यात आजार स्पष्ट दिसतोय. पुष्कळ घरांत उलटं होतं. आजारी काका राहतो बाजूला आणि घाबरलेल्या घरच्यांकडून धडधाकट पुतणीची चाचणी केली जाते. तिच्यात काही सापडलं नाही, तर ती सुटली की घरातला बदल लॅबला ओळखताच आला नाही, हे सांगता येत नाही. काकाचा बदल आधी सापडला असेल, तर पुतणीच्या रक्तात फक्त तेवढी एकच जागा बघायची. ही चाचणी खूप स्वस्त असते आणि उत्तर स्वच्छ मिळतं. बदल नसेल तर तिला वर्षावर्षाला इको काढायची गरज नाही. असेल तर काहीही दिसायच्या आधीपासून लक्ष ठेवता येतं. मोठेपणी होणाऱ्या काही आजारांसाठी लहान मुलांची चाचणी करू नये असा संकेत आहे. मार्फानमध्ये मात्र देखरेख बालपणापासूनच लागते, त्यामुळे मुलांची चाचणी योग्य ठरते.

रिपोर्टमध्ये सापडलेल्या बदलाची पाचांपैकी एका वर्गात नोंद असते. नक्की रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. २०१५पासून बहुतेक लॅब हीच वर्गवारी वापरतात. घोळ होतो तो मधल्या वर्गात. 'अनिश्चित' म्हणजे कार्डावर एक वेगळं छिद्र दिसलंय, पण त्याने नक्षी बिघडते की नाही हे आज कुणाला माहीत नाही. असा रिपोर्ट हातात घेऊन लोक रडत येतात किंवा आनंदाने येतात. दोन्ही घाई आहे. अनिश्चित बदलावरून नातेवाइकांना आजारी किंवा निरोगी ठरवायचं नसतं, आणि त्यावरून गर्भाचा निर्णय तर मुळीच घ्यायचा नसतो. घरातल्या आजारी आणि निरोगी माणसांत तो बदल कुणाकुणाकडे आहे ते तपासलं तर कधी उलगडा होतो. वर्ष-दोन वर्षांनी लॅबला पुन्हा विचारलं तर वर्ग बदललेला असू शकतो.

भारतीयांच्या रिपोर्टमध्ये हा 'अनिश्चित' शेरा वारंवार येण्याचं एक कारण असं की जगातल्या मोठ्या माहितीसाठ्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा आहे. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारे आपले समाज पिढ्यान्पिढ्या आपापल्यात लग्नं करत आले. एखाद्या समाजात अगदी सर्रास असलेला निरुपद्रवी बदल लॅबला अनोळखी वाटू शकतो. जीनोम इंडिया प्रकल्पात देशभरातल्या निरनिराळ्या समाजांतल्या १०,००० माणसांचे जीनोम, म्हणजे प्रत्येकाचा सगळा आनुवंशिक मजकूर, वाचले गेले आणि २०२५च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांना खुली झाली. अशा कामाचा थेट फायदा आपल्या गावातल्या रिपोर्टला होणार आहे.

"काही सापडलं नाही" या शेऱ्याचंही तसंच. स्पष्ट मार्फान असलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांत एफबीएन१मध्ये बदल सापडतो, सगळ्यांत नाही. महाधमनी फुगलेली असेल तर रिपोर्ट कोरा आला तरी इको आणि गोळ्या चालू राहतात.

लग्न, बाळ आणि इतर व्यवहाराच्या गोष्टी

मुलीचा रिपोर्ट घरात लपवला जातो, कारण स्थळं अडतील ही भीती. भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण मार्फान असलेल्या बाईला गरोदरपण महाधमनीसाठी कसोटीचं असतं. महाधमनीचं माप आधी घेतलेलं हवं, ४.५ सेंटिमीटरच्या वर असेल तर आधी शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. लोसार्टानसारख्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, त्या दिवस राहायच्या आधी बदलून घ्याव्या लागतात. लपवलेला रिपोर्ट या वेळी उघड झाला तर उशीर झालेला असतो. रिपोर्ट कुणाला दाखवायचा हा हक्क त्या मुलीचा. तिच्या डॉक्टरांना मात्र तो माहीत असायलाच हवा.

घरातला बदल नेमका माहीत असेल, तर गर्भाची तपासणी अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेच्या तुकड्यावरून किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजलावरून करता येते. त्यासाठी पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी असलेलं केंद्रच हवं, आणि गर्भाचं लिंग तिथे सांगितलं जात नाही. तपासणी करायची की नाही हे त्या जोडप्याने ठरवायचं. मार्फानसह चांगलं आयुष्य जगणारी माणसं पुष्कळ आहेत, हे त्यांना कुणीतरी आधी सांगायला हवं.

सोलापुरात इको आणि डोळ्यांची तपासणी सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, आणि खासगीतही होते. तिथूनच सुरुवात करा. अनुवंशतज्ज्ञांसाठी पुणे-मुंबई किंवा हैदराबाद गाठावं लागतं. मुंबईचं केईएम रुग्णालय राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखालचं उत्कृष्टता केंद्र आहे. हैदराबादच्या सीडीएफडी या केंद्र सरकारी संस्थेलाही हा दर्जा आहे, आणि सोलापूरहून ते अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. विम्याबाबत घाबरून चाचणी टाळू नका. आनुवंशिक आजार पॉलिसीतून सरसकट वगळता येणार नाहीत, अशा सूचना विमा नियामकाने २०१९ साली काढल्या. आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षा काळ मात्र लागू होतो, त्यामुळे फॉर्मवर माहिती लपवू नका.

औषधांच्या दुकानातही सांभाळा. सिप्रोफ्लोक्सासिन, लेव्होफ्लोक्सासिन या गटातली अँटिबायोटिक्स जुलाब, लघवीचा जंतुसंसर्ग अशा तक्रारींवर सहज दिली जातात. मार्फान आणि एलर्स-डॅनलोसच्या रुग्णांत ती शक्यतो टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८च्या डिसेंबरमध्ये दिला, कारण त्यांनी महाधमनी फाटायचा धोका वाढू शकतो. फायलीच्या पहिल्या पानावर हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

रिपोर्ट आला की त्याच्या दोन-तीन झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा आणि भाऊ, बहिणी, चुलते, आत्या यांना पाठवा. "जीनचा आजार निघालाय" एवढा निरोप फोनवर देऊन उपयोग नाही. जीनचं नाव, त्यापुढे छापलेला अक्षर-आकड्यांचा बदल, त्याचा वर्ग आणि लॅबचं नाव, ही ओळ जशीच्या तशी त्यांच्या डॉक्टरांच्या हातात पडायला हवी. त्यांच्या रक्तात कुठे बघायचं हे लॅबला त्यावरूनच कळतं.